'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू': वहीत बरोबर, तोंडातून उलटं

गडहिंग्लजची_सिस्टर

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलेली स्टाफ नर्स. अकरा वर्षं वॉर्डात काढली, त्यातली सात सर्जिकलला. यूकेला जायचं ठरवलंय म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. वाचायला, लिहायला आता फारसं अडत नाही. बोलताना मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकते, आणि ती जागा साधी नाही म्हणून इथं विचारतेय.

गेल्या आठवड्यात क्लासमध्ये रोल-प्ले होता. कार्डावर लिहिलेलं : पेशंट पन्नाशीचा, उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन, त्याला तयारी समजावून सांगा. तीन मिनिटं वाचायला, पाच मिनिटं बोलायला. मॅडम पेशंट झाल्या. मी म्हटलं, 'यू डोन्ट हॅव टू ईट एनीथिंग आफ्टर मिडनाइट.'

मॅडम म्हणाल्या, 'ओके. बट इफ आय फील हंग्री, आय कॅन?'

मला वाटलं, कार्डावर तसं लिहिलं असेल, पेशंट हट्टी असेल. मी तेच वाक्य आणखी ठासून म्हटलं. मॅडमनी परत विचारलं, 'सो इट्स अप टू मी?' तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, की मी त्याला खायला मोकळीक देऊन बसले होते.

थोड्याच वेळात टॉवेलचा विषय निघाला. मला म्हणायचं होतं की टॉवेल आणायची गरज नाही, इथं मिळतात. तोंडातून आलं, 'यू मस्ट नॉट ब्रिंग टॉवेल्स.' मॅडमचा चेहरा पडला. 'व्हाय? इज देअर ॲन इन्फेक्शन?'

म्हणजे जिथं मनाई करायची तिथं सूट दिली आणि जिथं सूट द्यायची तिथं मनाई केली. त्या रात्री झोप लागली नाही. मराठीत ही चूक माझ्याकडून सात जन्मांत होणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी कॉटजवळ उभी राहून सांगते, 'आजी, रात्री बारानंतर काय म्हणजे काय खायचं नाही. चहा नाही, बिस्किट नाही. सुनेनं डबा आणला तरी नाही.' शिवाय डबा उचलून नातेवाइकांच्या हातात देते. एका आजोबांनी पहाटे उशाखालचा शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता. सकाळी त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून ऑपरेशन पुढं ढकलता आलं. पोट भरलेलं असताना भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली तर काय होतं, हे वॉर्डात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. उद्या तिकडं एखाद्या म्हाताऱ्याला मी असलंच वाक्य बोलले आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून टोस्ट खाल्ला तर?

नियम मला पाठ आहेत. वहीत लिहिलेलं आहे : मस्ट म्हणजे 'च पाहिजे', हॅव टू म्हणजे 'लागते', मस्ट नॉट म्हणजे मनाई, डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही. लेखी चाचणीत वीसपैकी वीस. मग बोलताना उलटं का येतं? कुणी सांगेल का?

---

वाळव्याचे_मास्तर

सिस्टर, ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आणि बरीच वर्षं 'पाठांतर कमी' म्हणून लाल शाई वापरत राहिलो. दोष पाठांतराचा नाही. तुमची मराठी चोख आहे आणि तुम्ही मराठीचाच नियम इंग्रजीला लावताय, तिथं सगळं बिघडतंय.

रोजचंच एक वाक्य घ्या. 'मला उद्या कोल्हापूरला जायचं आहे.' याचं इंग्रजी आपण पटकन 'आय हॅव टू गो' असं करतो, आणि ते बऱ्याचदा चालूनही जातं. म्हणजे डोक्यात 'जायचं आहे' आणि 'हॅव टू' यांची जोडी पक्की बसली. आता मराठीत नकार करा. 'खायचं आहे'चं होतं 'खायचं नाही'. आणि 'आजी, बारानंतर खायचं नाही' ही तर कडक मनाई! पण इंग्रजीत 'हॅव टू'चा नकार केला की सक्ती उठते, मनाई होत नाही. तुम्ही मनातल्या 'खायचं नाही'चं रूप करायला गेलात आणि 'डोन्ट हॅव टू ईट' बाहेर पडलं. मराठीच्या हिशेबानं तुम्ही अगदी बरोबर होता.

टॉवेलचं याच्या उलट. मस्ट म्हणजे 'च पाहिजे', असं आम्हीच शिकवलं. 'टॉवेल आणलाच पाहिजे' याचा नकार मराठी माणूस कसा करतो? 'आणलाच पाहिजे असं नाही.' म्हणजे गरज नाही. इंग्रजीत मात्र 'मस्ट' मागे 'नॉट' लागलं की ते 'नॉट' मस्टला हात लावत नाही, पुढच्या क्रियापदाला जाऊन चिकटतं. सक्ती तशीच राहते, फक्त न आणण्याची सक्ती होते. 'डोन्ट हॅव टू'मध्ये नकार थेट सक्तीवरच पडतो, म्हणून सक्तीच संपते. तुमच्या दोन्ही चुकांचं मूळ एवढंच आहे.

तेव्हा वहीतले अर्थ खोडा आणि बोलण्याआधी मनात 'चालेल' म्हणून बघा. आपल्या भाषेत हा शब्द सोन्यासारखा आहे. 'नाही खाल्लं तरी चालेल' असं मनात येत असेल तर डोन्ट हॅव टू, डोन्ट नीड टू, नीडन्ट, यांतलं काहीही घ्या. 'खाल्लं तर चालणार नाही' असं येत असेल तर मस्ट नॉट किंवा कान्ट. नकार कुठं बसलाय ते 'चालेल' लगेच दाखवून देतं. टॉवेलवर करून बघा : 'नाही आणला तरी चालेल.' झालं, डोन्ट हॅव टू.

'नको'पासून मात्र सांभाळा. 'तू उद्या यायला नको' हे एका घरात 'यायची गरज नाही' या अर्थानं म्हणतात आणि दुसऱ्या घरात 'येऊ नकोस' या अर्थानं. त्याच्यावरून इंग्रजी करायला गेलात तर फसगत ठरलेली. आपल्याकडं मनाईचे खरे शब्द दोन आहेत. 'खाऊ नये' हा सल्ला, म्हणजे शुड नॉट. आणि 'खाता कामा नये', हे मस्ट नॉटचं सख्खं भावंड. पोरं हा प्रयोग विसरत चालली आहेत याचं मला वाईट वाटतं, कारण इतका नेमका शब्दप्रयोग हाताशी असताना आपण 'नाही केलं पाहिजे' असं हिंदीच्या वळणाचं काहीतरी बोलत बसतो.

तुमच्या 'खायचं नाही'ला इंग्रजीत जवळचं असं एक रूप आहे, 'इज टू'. 'द पेशंट इज नॉट टू ईट एनीथिंग.' पुस्तकात ते कोपऱ्यात पडलेलं असतं, पण 'खायचं आहे, खायचं नाही' हा जो वरून आलेला आदेशाचा सूर आहे तो त्यात नेमका उतरतो. तुमच्या कामात ते ऐकायला मिळत असणार. तिकडच्या कुणीतरी सांगावं.

एक जास्तीची गोष्ट सांगतो, कारण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलं विचारायची, 'सर, मस्टचा भूतकाळ का नाही?' मस्ट हेच मुळात भूतकाळी रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'मोटान' असं क्रियापद होतं, अर्थ मुभा असणे. त्याचं भूतकाळी रूप 'मोस्टे', त्याचंच आजचं मस्ट. मूळ वर्तमानकाळी रूप वापरातून गेलं आणि भूतकाळी रूपच वर्तमानाच्या कामाला लागलं. मग कालच्या गोष्टीसाठी 'हॅड टू' उसनं घ्यावं लागलं. 'ऑट टू'ची कथा आणखी जवळची. ते 'ओ' म्हणजे 'ऋण असणे' या क्रियापदाचं भूतकाळी रूप. आपणही 'मी तुमचे शंभर रुपये देणं लागतो' म्हणतो आणि त्याच 'लागणे'नं 'जावं लागतं' म्हणतो. कर्ज आणि कर्तव्य दोन्ही भाषांना एकाच कुळातलं वाटलं, हे मला वर्गात सांगताना दर वर्षी आनंद व्हायचा.

---

मिडलंड्सची_नाइट_ड्यूटी

ताई, मी २०१९ पासून इकडे इंग्लंडात सर्जिकल वॉर्डात आहे, मूळची साताऱ्याची. मास्तरांनी विचारलंय म्हणून आधी ते सांगते. हो! हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, 'शीज टू हॅव नथिंग बाय माउथ', 'हीज टू बी टर्न्ड एव्हरी टू अवर्स' हे रोज कानावर पडतं. पहिल्या महिन्यात मला वाटायचं की यातला एखादा शब्द माझ्याकडून निसटतोय. निसटत काही नव्हतं. 'दर दोन तासांनी कूस बदलायची आहे' हे आपलं वाक्य जसंच्या तसं होतं ते.

आता तुमचा उपाशी पेशंट. इकडे 'बारानंतर काहीच नाही' एवढ्यावर भागत नाही. भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला घन अन्न भूल देण्याआधी सहा तास बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे आठ वाजता केस असेल तर दोननंतर खाणं नाही, सहापर्यंत पाणी. एका दमात तीन गोष्टी सांगायच्या असतात : हे करता कामा नये, हे केलं तर चालेल, हे नाही केलं तरी चालेल. मी असं म्हणते, 'यू कान्ट ईट एनीथिंग आफ्टर टू. यू कॅन हॅव वॉटर अन्टिल सिक्स. यू डोन्ट हॅव टू ड्रिंक इफ यू डोन्ट फील लाइक इट.' तुम्ही तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच सांगायची, वाक्याचा साचा मात्र हा ठेवा. हीच तीन वाक्यं आठ दिवस घोका, कारण यात तुमची तिन्ही रूपं शेजारी शेजारी येतात.

लक्षात आलं का, मी 'मस्ट नॉट' म्हटलंच नाही. पेशंटशी बोलताना ते क्वचित वापरतात. कागदावर असतं, औषधाच्या पत्रकात असतं, बोलताना मात्र 'कान्ट', 'प्लीज डोन्ट', 'यू आर नॉट अलाउड' किंवा 'इट्स रिअली इम्पॉर्टंट दॅट यू डोन्ट'. आणि प्रत्येक 'डोन्ट'मागे एक कारण. सक्तीलाही 'यू मस्ट' ऐवजी 'यूल नीड टू' आणि 'आयल नीड यू टू'. सत्तरीच्या बाईला 'यू मस्ट टेक धिस' म्हटलं तर ती ताठ होते. तीच बाई डिस्चार्जच्या दिवशी तुमचा हात धरून 'यू मस्ट कम फॉर टी' म्हणेल, आणि त्यात सक्ती अजिबात नसते, निव्वळ माया असते. आपल्याकडे 'आता यायलाच हवं हं घरी' म्हणतात ना, तसं.

ऐकण्याची तयारी जास्त करा. 'मस्टन्ट'मधला पहिला ट ते बोलत नाहीत, 'मसन्ट' असं ऐकू येतं. 'हॅव टू' कानाला 'हॅफ्टू' लागतं, 'हॅज टू' 'हॅस्टू'. वयस्कर माणसं 'यू नीडन्ट बॉदर, लव्ह' म्हणतात, म्हणजे राहू दे गं, नाही केलंस तरी चालेल. आणि एक गमतीदार प्रयोग, 'यू वॉन्ट टू गेट दॅट लुक्ड ॲट.' मी आधी समजायचे, मला काय हवंय ते हा माणूस कसा सांगतो? तो सल्ला असतो, 'ते दाखवून घ्यायला हवं.'

आणखी एका ठिकाणी जपायला हवं, लिहिताना. रात्री पेशंट पडला तर रिपोर्ट लिहावा लागतो. 'शी मस्ट हॅव स्लिप्ड' म्हणजे 'घसरली असणार', हा अंदाज झाला. 'घसरायला हवी होती' असा त्याचा अर्थ अजिबात नाही. 'शी शुड हॅव कॉल्ड' म्हणजे 'हाक मारायला हवी होती', पण मारली नाही, आणि त्यात तुम्ही तिला दोषही दिलात. मी पहिल्या रिपोर्टात 'मस्ट हॅव' लिहिलं होतं. सिनिअर सिस्टरनं शेजारी बसवून विचारलं, 'डिड यू सी इट?' पाहिलं नव्हतं. ते वाक्य काढलं आणि जमिनीवर पाणी होतं, चप्पल कॉटखाली होती, एवढं लिहिलं.

मी इकडे गाडीच्या परीक्षेसाठी हायवे कोड, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांचं पुस्तक, वाचला, तेव्हा मस्ट आणि शुड कायमचे डोक्यात बसले. त्या पुस्तकात 'मस्ट' आणि 'मस्ट नॉट' ठळक मोठ्या अक्षरांत असतात तिथं मागे कायदा आहे, मोडला तर गुन्हा. 'शुड' असतो तिथं सल्ला. रात्री सायकलला दिवे लावण्याला मस्ट, डोक्यावर हेल्मेट घालण्याला शुड. पुस्तक सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. ताई, व्याकरणाच्या दहा पुस्तकांपेक्षा ते बघा.

---

देवगडचो_दर्यावर्दी

जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. सिस्टरांचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे याच शब्दांवरून माणसं आणि जहाजं धोक्यात येतात.

समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे जे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत बंधनाला 'शॅल' आहे. पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाज सदैव नीट टेहळणी 'शॅल मेन्टेन'. शाळेत शॅल म्हणजे 'आय, वुई'ला लागणारा भविष्यकाळ, एवढंच शिकलो होतो. इथं त्याचा अर्थ 'ठेवेल' असा नाही, 'ठेवलीच पाहिजे' असा आहे.

पण खरी गंमत रेडिओवर आहे. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या जागी, फिलिपिनो, युक्रेनियन, चिनी, आपण. सगळ्यांचं इंग्रजी उसनं. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं नोव्हेंबर २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा एक संच स्वीकारला, त्यात मे, माइट, शुड, कुड, कॅन हे शब्द जपून वापरा असं उदाहरणांसकट सांगितलंय. 'यू शुड अँकर' असं म्हणायचंच नाही, कारण ऐकणाऱ्याला तो हुकूम की सल्ला कळत नाही. आधी 'ॲडव्हाइस' हा शब्द उच्चारायचा आणि मग नुसतं 'अँकर' अमुक ठिकाणी. हुकूम असेल तर आधी 'इन्स्ट्रक्शन'. 'मे आय एंटर' असंही नाही. आधी 'क्वेश्चन' आणि मग परवानगी आहे का, असं सरळ विचारायचं.

सिस्टर, तुम्हाला पेशंटसमोर असं बोलता येणार नाही, पण घाबरलात आणि रूप सुचलं नाही तर हाच मार्ग धरा. 'नो फूड आफ्टर टू ओ'क्लॉक. वॉटर इज ओके अन्टिल सिक्स.' मस्ट, शुड, कॅनसारखं मोडल (सहायक क्रियापद) नाही, चूक नाही. मी पहिल्या कॉन्ट्रॅक्टला असाच तरलो.

---

पुण्यातून_बी१

नर्सिंगच्या माझ्या मैत्रिणी जर्मनीला निघाल्यात, त्यांच्यासाठी लिहिते. जर्मनमध्ये 'म्युसन' हे मस्टचंच भावंड, पण नकारात बरोबर उलटं. 'झी म्युसन निख्त एसन' म्हणजे खायची गरज नाही. मनाईला 'झी द्युर्फन निख्त एसन'. मास्तरांच्या वहीतलं 'खाल्लंच पाहिजे असं नाही' जर्मनमध्ये चपखल बसतं. इंग्रजी शिकून मग जर्मन घेणाऱ्यांनी इथं सावध राहावं.

---

गडहिंग्लजची_सिस्टर

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. मास्तर, तुमचा 'खायचं आहे, खायचं नाही' वाचला आणि वही बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. इतकी वर्षं मला कुणी असं सांगितलं नाही की मी मराठीत बरोबर आहे.

दोन रात्री ड्यूटीवर एक प्रयोग केला. वॉर्डात जे जे सांगते ते मनात आधी 'चालेल'मध्ये केलं. टाक्यांना पाणी लागलं तर चालणार नाही. कान्ट. पोटपट्टा झोपताना नाही बांधला तरी चालेल. डोन्ट हॅव टू. नातेवाइकांनी दोघांपेक्षा जास्त आत आलं तर चालणार नाही. कान्ट. सकाळपर्यंत तीसेक वाक्यं झाली असतील, दोन चुकली. दोन्हीत मनात 'नको' आला होता, मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच.

काल परत तेच हर्नियाचं कार्ड मागून घेतलं. असं बोलले : 'मिस्टर हिल, युवर ऑपरेशन इज ॲट एट. यू मस्टन्ट ईट एनीथिंग आफ्टर टू. इफ देअर इज फूड इन युवर स्टमक, इट कॅन गो इन्टू युवर लंग्ज व्हाइल यू आर अस्लीप. यू कॅन ड्रिंक वॉटर अन्टिल सिक्स. यू डोन्ट हॅव टू ब्रिंग टॉवेल्स, वुई हॅव देम हिअर.' मॅडमनी या वेळी एकही उलटा प्रश्न केला नाही. मिडलंड्सच्या ताई, यात काही बदलू का?

---

मिडलंड्सची_नाइट_ड्यूटी

एकच. 'मस्टन्ट'च्या जागी 'प्लीज डोन्ट ईट एनीथिंग आफ्टर टू'. आणि फुप्फुसांचं सांगून झालं की जरा थांबा, त्याच्याकडे बघा. तिथं पेशंट हमखास काहीतरी विचारतो. बाकी वाक्यं आहेत तशी घेऊन या.